जुने गेम, नवे रीमेक आणि मधले धुके

१९९९ साली जपानच्या कोनामी कंपनीने प्लेस्टेशन या कन्सोलवर, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळण्याच्या यंत्रावर, ‘सायलेंट हिल’ हा भयगेम आणला. तो एका ओसाड अमेरिकी गावात घडतो आणि ते गाव कायम धुक्यात बुडालेले असते. या धुक्यामागचे मूळ कारण अगदी रुक्ष होते. त्या काळच्या प्लेस्टेशनला एका वेळी फार थोडा परिसर पडद्यावर रेखाटता येत असे, आणि लांबची घरे व रस्ते खेळणाऱ्याच्या डोळ्यांदेखत अचानक उगवू नयेत म्हणून त्यांच्यापुढे धुके सोडण्यात आले. झाले असे, की दहा पावलांपलीकडचे काहीच दिसेनासे झाल्यामुळे त्या गावात चालणेच भीतिदायक होऊन बसले. २००१ मध्ये दुसरा भाग अधिक ताकदीच्या प्लेस्टेशन २ वर आला, तेव्हा धुके तितके आवश्यक राहिले नव्हते. तरीही ते ठेवले गेले, कारण आता ते गावाचे व्यक्तिमत्त्व बनले होते.

पुढे २०१२ मध्ये दुसरा आणि तिसरा भाग चकचकीत करून एका एचडी संचात विकायला आले, आणि या संचातील ‘सायलेंट हिल २’ मध्ये काही ठिकाणी धुके विरळ झाले. चित्र स्वच्छ झाले खरे, पण धुक्यामागे जे लपवले होते ते, म्हणजे अर्धवट संपणारे पाणी आणि अचानक तुटणाऱ्या कडा, उघडे पडले. जुना गेम नव्याने करणाऱ्या प्रत्येकापुढचा पेच या एका उदाहरणात सापडतो: मूळ गेममधील कोणती गोष्ट निव्वळ त्या काळची मजबुरी होती आणि कोणती मजबुरी पुढे त्या गेमचा प्राण होऊन बसली, हे ओळखायचे कसे?

पुढे जाण्यापूर्वी तीन शब्दांचा गुंता सोडवायला हवा. जुना गेम जवळपास जसाच्या तसा नव्या यंत्रावर चालता करणे म्हणजे पोर्ट. तोच गेम ठेवून त्याची चित्रे, आवाज आणि पडद्यावरचा तपशील सुधारणे म्हणजे रीमास्टर. कथा, पात्रे आणि मूळ कल्पना घेऊन गेम पायापासून पुन्हा बांधणे म्हणजे रीमेक. ‘शॅडो ऑफ द कोलोसस’ हा २००५ चा गेम यांतल्या शेवटच्या दोन्ही वाटांनी गेला आहे. २०११ मध्ये प्लेस्टेशन ३ साठी त्याचा रीमास्टर झाला आणि २०१८ मध्ये ब्लूपॉइंट या स्टुडिओने प्लेस्टेशन ४ साठी त्यातील सगळी दृश्ये नव्याने घडवून रीमेक केला. मात्र जाहिरात करणाऱ्यांना या सीमारेषा पुसट ठेवणेच सोयीचे असते. ‘डेफिनिटिव्ह’, ‘एन्हान्स्ड’, ‘रीफोर्ज्ड’ अशी भारदस्त विशेषणे लावली, की आत नेमके किती काम झाले आहे हे ग्राहकाला पैसे दिल्यावरच कळते.

एखादे गाजलेले नाटक नव्या संचात रंगमंचावर आणणे आणि गेमचा रीमेक करणे यांत वरवर साम्य दिसते, पण एक मोठा फरक आहे. नाटकाची संहिता प्रयोगापासून वेगळी असते. नट बदलला, नेपथ्य बदलले तरी संहिता शाबूत राहते. गेममध्ये अशी सुटी संहिता नसते. पात्र किती वेगाने धावते, उडी किती लांब जाते, कॅमेरा कुठे आहे, शत्रू दिसण्यापूर्वी किती क्षण ऐकू येतो, या सर्व गोष्टी एकमेकींत विणलेल्या असतात. त्यातली एक ओढली की दुसरी सैल होते.

इतकी जोखीम असूनही कंपन्या रीमेककडे का वळतात, याचे पहिले उत्तर अर्थातच पैसा हे आहे. आज मोठा गेम करायला शेकडो माणसे आणि कित्येक वर्षे लागतात. इतका खर्च केल्यावर नवे, अनोळखी नाव बाजारात चालेल याची खात्री कुणीच देत नाही. जुन्या नावाची ओळख करून द्यावी लागत नाही. १९९८ मध्ये जो मुलगा पंधरा वर्षांचा होता, तो आज चाळिशी ओलांडलेला, स्वतःच्या कमाईतून कन्सोल घेणारा ग्राहक आहे. शिवाय मूळ गेममधील कोणता टप्पा रंगतो आणि कोणता कंटाळवाणा होतो, हे हजारो लोकांनी खेळून आधीच सिद्ध केलेले असते. खेळणाऱ्याच्या बाजूनेही आकर्षण खोटे नाही. जुने कन्सोल मिळेनासे झाले आहेत, जुन्या डिस्क आज चालवणे जिकिरीचे आहे आणि वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचे कंट्रोल नव्या पिढीच्या बोटांना अक्षरशः परके वाटतात. कॅपकॉम कंपनीच्या ‘रेसिडेंट ईव्हिल २’ या झोंबींच्या भयगेमचे उदाहरण घ्या. १९९८ च्या मूळ प्लेस्टेशन आवृत्तीच्या सुमारे ५० लाख प्रती खपल्या होत्या; २०१९ च्या रीमेकने एक कोटीचा टप्पा ओलांडला. जुन्या चाहत्यांच्या आठवणींवर एवढी विक्री होत नाही. मूळ गेमला कधी हातही न लावलेल्या लोकांनी तो विकत घेतला म्हणून ती झाली.

हा रीमेक का जमला, ते जरा जवळून पाहण्यासारखे आहे. मूळ गेममध्ये कॅमेरा खोलीच्या कोपऱ्यात खिळवलेला असे आणि पार्श्वभूमी आधीच रंगवून ठेवलेल्या स्थिर चित्रांची असे, कारण गेम जिथे घडतो ते संपूर्ण पोलीस स्टेशन त्रिमितीत हलते ठेवण्याची त्या यंत्राची कुवत नव्हती. कॅमेरा बदलला तरी दिशा चुकू नये म्हणून वरचे बटण दाबले की पात्र त्याचे तोंड असेल त्या दिशेने पुढे जाई. रणगाडा वळवावा तसे त्याला वळवावे लागे. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाताना काळ्या पडद्यावर एक दार कुरकुरत उघडताना दिसे. त्या काही सेकंदांत सीडीवरून पुढची खोली वाचली जात असे. या सगळ्या अडचणी होत्या, पण भीती त्यांच्यातूनच उभी राहत होती. कोपऱ्यापलीकडे झोंबीचे कण्हणे ऐकू येई, पण कॅमेरा तिकडे वळवता येत नसे. दार उघडताना पलीकडे काय असेल, या विचाराने अंगावर काटा येई.

२०१९ च्या संघाने कॅमेरा पात्राच्या खांद्यामागे आणला. म्हणजे खेळणाऱ्याला आता हवे तिकडे पाहता येऊ लागले, नेम धरता येऊ लागला, आणि साहजिकच भीती पळून जाण्याचा धोका निर्माण झाला. तेव्हा गेलेल्याची भरपाई दुसरीकडून करण्यात आली. पोलीस स्टेशनचे मार्ग अंधारात बुडवले गेले आणि खेळणाऱ्याच्या हाती एक लहानसा बॅटरीचा झोत उरला. झोंबींची डोकी डुलू लागली, त्यामुळे नेम धरता येत असूनही तो लागेलच याची शाश्वती राहिली नाही; चार गोळ्या खाऊन पडलेला झोंबी थोड्या वेळाने पुन्हा उठे. सर्वांत हुशार बदल टायरंट या धिप्पाड पाठलाग करणाऱ्या पात्राबाबत होता. मूळ गेममध्ये तो दुसऱ्या फेरीच्या, म्हणजे दुसरे पात्र घेऊन पुन्हा खेळण्याच्या, कथेत ठरलेल्या जागी अवतरत असे आणि दार ओलांडले की त्याच्यापासून सुटका होई, कारण दारापलीकडची खोली ही यंत्राच्या दृष्टीने वेगळी दुनिया होती. रीमेकमध्ये दारांवरची ती थांबण्याची वेळ नाहीशी झाली, आणि मग टायरंटही दारे उघडून मागोमाग येऊ लागला. वरच्या मजल्यावरून त्याच्या बुटांचा धप्प-धप्प आवाज ऐकू येत राहतो आणि खेळणारा हातातले कोडे अर्धवट टाकून पळतो. जुनी मजबुरी काढून टाकल्यावर तिने सोडलेल्या रिकाम्या जागेचा असा उपयोग करणे, हे रीमेकमधील खरे कसब आहे असे मला वाटते.

अर्थात याच गेममध्ये हरवलेलेही काही आहे. मूळ गेमच्या दोन पात्रांच्या दोन कथा एकमेकींत अडकलेल्या होत्या. पहिल्या फेरीत एकाने कपाटातली वस्तू उचलली तर दुसऱ्याला ती मिळत नसे. रीमेकमधील दोन्ही कथा पुष्कळदा एकमेकींशी मेळ न खाता समांतर चालतात. पुढच्याच वर्षी आलेल्या तिसऱ्या भागाच्या रीमेकमधून तर घड्याळाच्या मनोऱ्याचा अख्खा टप्पाच गाळला गेला आणि जाणत्या खेळाडूंनी त्याबद्दल कंपनीला चांगलेच फैलावर घेतले.

दुसऱ्या टोकाचे उदाहरण आपल्याकडच्या अनेकांच्या जिव्हाळ्याचे आहे. ‘व्हाइस सिटी’ आणि ‘सॅन अँड्रियास’ हे गेम महाराष्ट्रातल्या एका पिढीने सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून आणि पायरेटेड सीडी हातोहात फिरवून खेळले. नोव्हेंबर २०२१ मध्ये हे दोन आणि त्यांच्या आधीचा ‘जीटीए ३’ असे ‘जीटीए’ (ग्रँड थेफ्ट ऑटो) मालिकेतील २००१, २००२ आणि २००४ चे तीन गेम रॉकस्टार कंपनीने एका नव्या संचात आणले. काम पायापासून झाले नव्हते. मोबाइलसाठी पूर्वी केलेल्या आवृत्त्या आधाराला घेतल्या होत्या आणि हजारो जुन्या चित्रांचा तपशील वाढवण्याचे काम बऱ्याच अंशी संगणकाच्या स्वयंचलित पद्धतीवर सोपवले होते. परिणाम हास्यास्पद झाला. दुकानांच्या पाट्यांवरची अक्षरे भलतीच उमटली. ‘टफ नट’ नावाच्या डोनटच्या दुकानावर मूळ गेममध्ये बोल्टला लावतात तसा षट्कोनी नट होता, कारण नावातला विनोदच तो होता. वस्तू गुळगुळीत करण्याच्या प्रक्रियेत त्याचे सहा कोपरे घासले जाऊन तो गोल झाला आणि विनोद संपला. कोणत्याही माणसाने ती पाटी एकदा वाचली असती तर हे घडले नसते.

‘सॅन अँड्रियास’मध्ये धुक्याचाच प्रकार पुन्हा झाला. २००४ मध्ये लांबचे सारे एका पिवळसर झाकोळात विरून जात असे, त्यामुळे एका शहरातून दुसऱ्या शहरात जाणे हा मोठा प्रवास वाटे. नव्या आवृत्तीत हवा निर्मळ झाली आणि डोंगरावर उभे राहिले की तिन्ही शहरे एका नजरेत मावू लागली. तेव्हा लक्षात आले, की हा प्रदेश मुळात फार लहान आहे. तो मोठा भासवण्याचे काम धूसर हवाच करत होती. कंपनीने जाहीर माफी मागितली, अनेक दुरुस्त्या केल्या, आणि नोव्हेंबर २०२४ च्या एका अपडेटमध्ये जुन्या पद्धतीचा प्रकाश व धूसरपणा परत आणला.

आता प्रश्न असा पडेल की जुना गेम हाताशी असताना इतक्या चुका का व्हाव्यात. अनेकदा तो हाताशी नसतो, हे त्याचे उत्तर आहे. आपण विकत घेतो ती डिस्क म्हणजे यंत्राला कळणारी तयार आवृत्ती असते. ती ज्यापासून बनली तो सोर्स कोड (माणसाने लिहिलेला मूळ प्रोग्राम), मूळ चित्रे, ध्वनिमुद्रणे आणि नोंदी या सगळ्यांचे जतन करण्याची पद्धत नव्वदच्या दशकात फारशी रुजलेली नव्हती. गेम विकला गेला, संघ पांगला, हार्ड डिस्क पुसून पुढच्या कामाला लागली. ‘सायलेंट हिल’च्या २०१२ च्या संचावर काम करणाऱ्यांच्या हाती अंतिम आवृत्तीचा कोड आलाच नाही, जो आला तो अपुरा होता, त्यामुळे मूळ संघाने एकदा दुरुस्त केलेले दोष त्यांना पुन्हा निस्तरावे लागले. ‘किंगडम हार्ट्स’च्या पहिल्या भागाचा मूळ साठा हरवल्यामुळे एचडी आवृत्तीसाठी बरेच काही तयार डिस्कमधून उकरून काढावे आणि उरलेले नव्याने करावे लागले. याच्या उलट एक सुखद प्रसंग आहे. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ हा १९८९ चा गेम जॉर्डन मेक्नर यांनी अॅपल २ या संगणकावर एकहाती लिहिला होता. त्याचा सोर्स कोड हरवला असे ते धरून चालले होते. २०१२ मध्ये त्यांच्या वडिलांना घरातल्या कपाटात फ्लॉपींचा एक खोका सापडला आणि त्यात तो निघाला.

या राजपुत्राशी महाराष्ट्राचा थेट संबंध आहे, आणि तो केवळ संगणकाच्या क्लासमध्ये शिक्षकांची नजर चुकवून खेळण्यापुरता नाही. या मालिकेला नवे आयुष्य देणारा ‘द सँड्स ऑफ टाइम’ हा गेम २००३ मध्ये युबिसॉफ्ट या कंपनीच्या मॉन्ट्रियल स्टुडिओत बनला होता. सप्टेंबर २०२० मध्ये कंपनीने त्याचा रीमेक जाहीर केला आणि तो पुणे व मुंबई येथील स्टुडिओ करत असल्याचे सांगितले. एरवी परदेशी स्टुडिओंच्या प्रकल्पांना हातभार लावणाऱ्या भारतीय संघांकडे इतके मोठे नाव सोपवले गेल्याचे कौतुक झाले. पण पहिलीच झलक पाहून जगभरच्या चाहत्यांनी नाके मुरडली. चेहरे आणि प्रकाशयोजना जुनाट वाटते, ही मुख्य तक्रार होती. जानेवारी २०२१ ची तारीख मार्चवर गेली, मग बेमुदत पुढे ढकलली गेली. मे २०२२ मध्ये काम मॉन्ट्रियलकडे परत नेण्यात आले. २०२४ मध्ये २०२६ सालाचे आश्वासन मिळाले. आणि जानेवारी २०२६ मध्ये युबिसॉफ्टने हा प्रकल्प रद्दच केला.

पहिली झलक आली त्या वेळी समाजमाध्यमांवर खापर फोडले गेले ते भारतीय कामगिरीवर, आणि त्यात कुत्सितपणाही बराच होता. प्रत्यक्षात कामाचा आवाका स्टुडिओ ठरवत नसतो. या रीमेकची किंमत ४० डॉलर होती, म्हणजे तेव्हाच्या मोठ्या गेमच्या ६० डॉलरपेक्षा बरीच कमी. कंपनीच्या मनात मध्यम खर्चाची वस्तू होती हे त्यावरून दिसते. पण प्रेक्षकाने ती शेजारी ठेवून पाहिली ‘डेमन्स सोल्स’च्या रीमेकशी, जो त्याच वर्षी नव्या प्लेस्टेशन ५ ची ताकद दाखवण्यासाठी, ७० डॉलर किमतीला आला होता. त्यातून ‘सँड्स ऑफ टाइम’ हा रीमेक करायला अवघड गेम आहे. भिंतीवरून धावणे, खांबावरून खांबावर झेपावणे आणि चुकल्यास काळ मागे फिरवणे यांवर तो उभा आहे. अशा गेममध्ये खांबांमधले अंतर राजपुत्राच्या झेपेच्या मापाने ठरलेले असते. नव्या, अधिक वास्तव हालचालीत झेप घेण्यापूर्वी पात्राने क्षणभर गुडघे वाकवले, तरी सगळ्या महालाची मापे आणि खेळणाऱ्याच्या बोटांचा ताल बिघडतो. चित्र जितके वास्तव करावे तितका हा ताण वाढतो.

‘फायनल फँटसी ७’ च्या रीमेकने या तिढ्यावर वेगळाच तोडगा काढला. १९९७ च्या मूळ गेममध्ये मिडगार हे शहर काही तासांत मागे पडते; २०२० चा पहिला भाग संपूर्णपणे त्याच शहरात घडतो आणि खेळायला तीस तासांहून अधिक वेळ घेतो. दुसरा भाग २०२४ मध्ये आला आणि कथा पूर्ण व्हायला तिसरा लागणार आहे. त्यातही गंमत अशी की कथा जुन्या वाटेवरून ढळू लागली की तिला परत रुळावर आणणारी काही गूढ रूपे या गेममध्ये फिरत असतात, म्हणजे मूळ गेम पाठ असलेल्या चाहत्यांचा हट्टच पात्र होऊन समोर येतो. मूळ कथेत एका लाडक्या पात्राचा मृत्यू होतो. गोष्ट जवळपास तीन दशकांपूर्वीची असली तरी नाव सांगत नाही, कारण ज्यांना ते ठाऊक आहे त्यांच्या त्या ठाऊक असण्याशीच हा रीमेक खेळतो. मला हा प्रयोग जागोजागी पाल्हाळिक वाटतो, पण हात राखून केलेल्या नकलेपेक्षा तो कितीतरी प्रामाणिक आहे.

वाईट रीमेक विसरून जाता येतो. चांगला जुना गेम बाजारातून नाहीसा होणे मात्र अधिक गंभीर आहे. ‘जीटीए’चा नवा संच येण्याच्या सुमारास त्या तिन्ही गेमच्या जुन्या आवृत्त्या डिजिटल दुकानांतून काढून घेण्यात आल्या होत्या आणि ओरड झाल्यावरच संगणकासाठी त्या परत आल्या. ‘वॉरक्राफ्ट ३’ बाबत तर २००२ चा गेम ज्यांनी पूर्वीच विकत घेतला होता, त्यांनाही जानेवारी २०२० मध्ये ‘रीफोर्ज्ड’ आवृत्तीचाच सांगाडा स्वीकारावा लागला. त्यात जुन्या गेममधील काही ऑनलाइन सोयी नव्हत्या आणि २०१८ मध्ये दाखवलेली नवी दृश्येही नव्हती. अखेर कंपनीला पैसे परत देण्याची सोय करावी लागली. २०२३ मध्ये व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशनने केलेल्या पाहणीत असे आढळले, की अमेरिकेत २०१० पूर्वी प्रसिद्ध झालेल्या गेमपैकी सुमारे ८७ टक्के आज अधिकृतपणे विकत मिळत नाहीत. गाण्यांचे परवाने संपतात, कंपन्या बुडतात, हक्क कुणाकडे आहेत हेच कळत नाही. अशा स्थितीत रीमेक हाच मूळ गेम मानला जाऊ लागला तर मूळ कसा होता हे पडताळून पाहायला काही उरत नाही.

यावर काही स्टुडिओंनी काढलेला उपाय साधा आणि मला सर्वांत पसंत आहे. २०२१ चा ‘डायब्लो २ रिझरेक्टेड’ किंवा २०२४ चा ‘टूम रेडर’च्या पहिल्या तीन भागांचा संच यांत एक बटण दाबले की खेळ चालू असतानाच नवे चित्र जाऊन जुने चित्र येते. आतमध्ये नियम, वेग आणि अंतरे जुनीच असतात, वरचा रंगरोगण तेवढा बदलतो. पहिल्यांदा हे बटण दाबणारा बहुधा चपापतो, कारण जुने चित्र त्याच्या आठवणीतल्यापेक्षा खूपच ओबडधोबड निघते. याला स्मरणशक्तीप्रमाणे पडदाही कारणीभूत आहे. ते गेम जाड काचेच्या जुन्या टीव्ही-मॉनिटरसाठी घडवले होते आणि त्या पडद्यांवर ठिपक्यांच्या कडा एकमेकींत मिसळून मऊ दिसत.

हे बटण रीमास्टरमध्येच शक्य असते. ‘रेसिडेंट ईव्हिल २’ सारख्या पायापासून बांधलेल्या रीमेकमध्ये खाली जुना गेम चालत नसतोच, तेव्हा तिथे मूळ वस्तू वेगळी विकत मिळणे हाच मार्ग उरतो. २०२४ मध्ये या मालिकेचे मूळ पहिले तीन भाग आजच्या विंडोजवर चालतील असे करून जीओजी या ऑनलाइन दुकानात आले. कॅपकॉमच्या नव्या रीमेकांची विक्री त्यामुळे थांबलेली नाही, आणि २०१९ च्या संघाने काय कमावले व काय गमावले हा वाद आता दोन्ही गेम शेजारी शेजारी चालवून घालता येतो.